वहिनी, यंदाही त्यांनी नंबर सोडला नाही

वहिनी, आधी बातमी सांगतो, बाकीचं मग. गुरुवारी अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट झाला, टीमसाठी नव्या पोरांची निवड. आपल्या टीमने ट्रेड डाउन केलं नाही. निवडीचा आलेला नंबर घट्ट धरून ठेवला आणि ज्याला तू महिनाभर ‘नुसता पळतो, पोचत कुठेच नाही’ म्हणत होतीस, त्याच चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला घेतलं. म्हणजे आपल्या वादात मी जिंकलो. मी ओरडलो, मूठ वळली आणि तुला चिडवायला सवयीने उजवीकडे वळलो. तिथे तुझी खुर्ची होती. तुझ्या लेकीने, मैथिलीने, त्यावर तुझी करडी शाल घडी करून ठेवली होती. माझी मूठ तशीच हवेत राहिली आणि दादाने टीव्हीचा आवाज उगाचच कमी केला.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. लोक भेटायला येतात, फार चांगलं बोलतात. ‘किती प्रेमळ होत्या’ म्हणतात. मी मान डोलावतो. पण प्रेमळ बाई समोरच्याला ‘अरे गाढवा, तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही’ असं म्हणते का? एरवी तू मला ‘भाऊजी, तुम्ही’ म्हणायचीस. दादाचा धाकटा भाऊ म्हणून माझा तेवढा मान होता. ड्राफ्टचा विषय निघाला की तो मान पहिल्या पाच मिनिटांत गळून पडायचा. मला ते फार आवडायचं. सख्ख्या बहिणीनेसुद्धा मला इतक्या हक्काने कधी गाढव म्हटलं नाही.

या घरात फुटबॉल तू आणलास, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दादा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून अमेरिकेत ट्रॉयला आला आणि तू त्याच्या मागोमाग सांगलीहून थेट बर्फात येऊन पडलीस. बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर तुला काम करता येत नव्हतं. दिवसभर घरात एकटी. टीव्ही लावून इस्त्री करायचीस. पहिल्या हिवाळ्यात तू मला फोनवर म्हणाली होतीस, “भाऊजी, हा काय खेळ आहे हो? पाच सेकंद खेळतात आणि पाच मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभे राहतात.” दुसऱ्या हिवाळ्यात मीही नोकरीसाठी इथे आलो, तर तू मला सोफ्यावर बसवून समजावत होतीस की चेंडू कुणाकडे आहे ते बघायचंच नाही, चेंडू नसलेली माणसं काय करतात ते बघायचं.

दादाच्या ऑफिसची ती ख्रिसमस पार्टी आठवते? तू नारायणपेठ साडी नेसली होतीस, वर माझा जुना पफी कोट. दादाचा एक गोरा सहकारी मोठ्या दयाळूपणे, एकेक शब्द सुटा करून तुला सांगत होता, “धिस इज कॉल्ड अ टचडाउन.” तू त्याचं सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “दॅट इज ओके, बट व्हाय यू पीपल गेव्ह सेकंड राउंड पिक फॉर दॅट फेलो? ही हॅज नो नीज!” म्हणजे त्याचे गुडघे केव्हाच गेलेले. तो माणूस हातातला ग्लास तसाच धरून उभा राहिला. दहा मिनिटांनी बघतो तर तुझ्याभोवती कोंडाळं जमलेलं आणि दादा कोपऱ्यात एकटाच केक खातोय. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की परतताना गाडीत मी तुझ्याशी मुद्दाम भांडण उकरून काढलं. आपल्याकडे अभिमान सांगायची तीच पद्धत.

आणि तुझं ते ट्रेड डाउन. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना तू किती चिकाटीने समजावायचीस. वर्षातून एकदा सगळ्या टीम कॉलेजातली पोरं निवडतात. जो मागच्या मोसमात जास्त हरला, त्याचा नंबर आधी. एकेकाने एकेक पोरगा उचलायचा. ज्याचा नंबर वर असेल, त्याला वाटलं तर तो आपला नंबर दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात त्यांचे खालचे दोन-तीन नंबर घेऊ शकतो. “आता सांगा,” तू विचारायचीस, “एक पैठणी घ्याल की तीन इरकली?” बायका एका आवाजात म्हणायच्या, “पैठणी!” तू कपाळाला हात लावायचीस आणि मी मागून टाळ्या वाजवायचो. माझी बाजू मांडायला मला कधी तोंड उघडावंच लागलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं, अजूनही आहे. वरचा नंबर रोज मिळत नाही. नशिबाने मिळाला, तर मैदानातलं सगळ्यात चांगलं पोर उचलावं आणि गप्प बसावं. तुझं म्हणणं, एकटा पोरगा कुणालाच जिंकवत नाही. अकरा जण लागतात, त्यातला एक लंगडा असला की उरलेले दहा त्याच्या वाटची धावाधाव करतात. आपण हे वर्षानुवर्षं भांडलो. दर एप्रिलला पहिली फेरी गुरुवारी असायची आणि तुझा गुरुवारचा उपास. त्यामुळे सगळी अमेरिका चिकन विंग्ज खात असताना आपल्या घरी साबुदाणा वडे आणि शेंगदाण्याची चटणी. वडा मोडत मोडत तू म्हणायचीस, “ह्या माणसाला सांगा रे कुणीतरी, खाली सरक म्हणावं.” टीव्हीतला माणूस काही तुझं ऐकत नसे.

तुला वाटायचं, मी तुझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो. तसं नव्हतं. कारण तू ते नुसतं बोलत नव्हतीस. जुलैतली मंडळाची पिकनिक मी कशी विसरेन? तुझ्या हट्टापायी तिथे दरवर्षी खो-खो असायचा. पार्कमधल्या गवतावर चुन्याच्या रेघा, आणि खांब म्हणून दादाने गॅरेजमध्ये तासून आणलेले दोन लाकडी वासे. कॅप्टन आपण दोघं. पोरं रांगेत उभी राहायची आणि आपण आळीपाळीने निवडायचो. टॉस तू जिंकलीस तरी तुझं ठरलेलं वाक्य असायचं. “आधी तुम्ही निवडा, भाऊजी. मला शेवटचे तिघं द्या, मग मधले वाटून घेऊ.”

त्या शेवटच्या तिघांचे चेहरे मला आजही दिसतात. अर्णव, जाडा, खिशात इनहेलर. सई, चष्मा दोरीने बांधलेली, कुणी हात लावायला आलं की डोळे मिटून उभी राहणारी. आणि नील, जो कुणाशी बोलतच नसे. शाळेत, सॉकरमध्ये, सगळीकडे ही पोरं उरलेली म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडायची. इथे तुझ्या टीमसाठी त्यांचं नाव पहिलं पुकारलं जायचं, तेही टॉस जिंकलेल्या कॅप्टनकडून. पहिल्या वर्षी अर्णवने मागे वळून बघितलं होतं, दुसरा कुणी अर्णव आहे का म्हणून.

पिकनिकला बहुतेक वेळा मीच जिंकायचो, हे इथे नमूद करतो. लेख माझा आहे. पण ऑगस्टनंतर काय चालायचं तेही लिहायला हवं. रविवारी सकाळी तुझ्या बॅकयार्डमध्ये ही पोरं यायची. तू त्यांना आधी पळायला शिकवलंच नाहीस. बसायला शिकवलंस. “बसणं म्हणजे अर्धा खेळ,” तू सांगायचीस. “टाचा वर. पाठ सरळ. खो कधी येईल सांगता येत नाही, आला की उठायचं.” अर्णव म्हणायचा, “पण काकू, आय अ‍ॅम नॉट फास्ट.” तू म्हणायचीस, “तुला फास्ट कोण म्हणतंय? तू जागेवर जागा राहा.” एकदा तो तासभर बसला-उठला आणि जाताना त्याने तुला विचारलं, “काकू, नेक्स्ट संडे आहे ना?” त्याच्या आईने मला नंतर सांगितलं, तो स्वतःहून कुठे जायचं म्हणाला असं ते पहिलंच ठिकाण.

मला वाटायचं, ही तुझी दया. त्यावरूनही आपलं वाजलं होतं. “खेळात दया आणू नकोस,” मी म्हणालो होतो. तू इतकी चिडलीस की दोन दिवस मला चहा विचारला नाहीस. पण खरं कारण सांगितलंही नाहीस. ते कळलं या जानेवारीत, केमोच्या वेळी. दादाला मीटिंग होती म्हणून मी तुला घेऊन गेलो होतो. नळी लावलेला हात उशीवर, डोक्याला मैथिलीने विणलेली टोपी. समोरच्या टीव्हीवर ड्राफ्टबद्दल चार माणसं तावातावाने बोलत होती आणि तू त्यांच्याकडे न बघता सांगायला लागलीस.

कॉलेजात असताना तू खो-खोच्या टीमची स्टार होतीस. दर वेळी पहिलं नाव तुझंच. जिल्ह्याच्या फायनलला शेवटची पोरगी बाद करायची राहिली होती. तू तिच्या मागे. ती बसलेल्यांच्या ओळीतून पलीकडे निसटली. पाठलाग करणाऱ्याला ओळ ओलांडता येत नाही, त्याने खांबाला वळसा घालून जायचं किंवा बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं.

“सुमन तिच्याकडेच तोंड करून बसली होती,” तू म्हणालीस. “टाचा वर करून. डोळ्यांनी मला सांगत होती, दे, दे. एक थाप मारायची होती. पण मी म्हटलं, मीच धरणार. खांबाला वळसा घातला, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. हरलो. सुमनला वर्षभरात तेवढी एकच संधी आली असती.” मग तू टोपी नीट केलीस. “मी पैठणी होते, भाऊजी. म्हणून सांगते, इरकल घ्या.”

नर्स आली, तिने नळी तपासली, तू तिला टीमचं काय वाटतं म्हणून विचारलंस आणि विषय गेला.

मार्चअखेरीस तू घरी होतीस. बोलताना दम लागायचा, तरी मी मुद्दाम तुला डिवचलं. म्हटलं, या वेळचा रिसीव्हर साधासुधा नाही, असा पोरगा पुन्हा मिळायचा नाही, याला सोडून कोण खाली सरकेल? तू उशीवरून मान उचललीस. “त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. उद्या सांगते. आत्ता झोपू दे, गाढवा.” दुसऱ्या दिवशी तुला पुन्हा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि तिथून पुढे बोलणं झालं नाही. ते उत्तर काय होतं, याचा मी इतका विचार केलाय की ऑफिसात दोनदा चुकीच्या कॉलमध्ये जाऊन बसलो. मला ते हवं होतं गं. हरायलासुद्धा चाललं असतं.

गुरुवारी मी येणारच नव्हतो. मैथिलीचा फोन आला, “काका, यू आर कमिंग, राइट? मी वडे करतेय.” तिने साबुदाणा फार भिजवला होता. निम्मे वडे तेलात फुटले आणि किचनमध्ये धूर झाला. दादा खिडक्या उघडत फिरत होता. बाहेर अजून उजेड होता आणि शेजाऱ्याचा लॉन-मोअर चालू होता. अर्णवही आला होता. आता तो फिजिकल थेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे ठीक करतो. तुला हे माहीत आहे, पण मला लिहायला बरं वाटतं. नंबर आला, त्या रिसीव्हरचं नाव पुकारलं, मी ओरडलो. पुढचं सुरुवातीला सांगितलंच. मग मैथिली म्हणाली, “दे शुड हॅव ट्रेडेड डाउन.”

“का?” मी म्हटलं.

“बिकॉज ओ-लाइन बघ ना, काका! राइट साइडला क्यूबीला गार्ड करणारं कोणीच नाहीये. त्याला बॉल फेकायला टाइमच मिळणार नाही, तर हा कितीही फास्ट पळाला तरी बॉल येणार कुठून?” तिने हात असा झटकला, अगदी तुझ्यासारखा. अर्णव वडा चावत म्हणाला, “काका, शी’ज राइट.” दादासुद्धा, ज्याने आयुष्यात एकदाही मत दिलं नाही, तो म्हणाला, “पटतंय मला.”

तुझं उद्याचं उत्तर हेच होतं की दुसरं काही, ते आता कळणार नाही. पण तिघं एका बाजूला आणि मी एकटा, असं माझं तुझ्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. मी खूप भांडलो. पोट भरून भांडलो. घरी जाताना गाडीत रडलो, ते वेगळं.

आता राहिलेली गोष्ट. ही तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, कारण तू तिथे असूनही तुला ती दिसली नाही.

तुझा अंत्यविधी फ्युनरल होममध्ये झाला. मंत्र झाले, फुलं वाहून झाली. तिथला माणूस दादाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, कॅस्केट, म्हणजे शवपेटी, उचलायला सहा जण लागतील. दादाने माझ्याकडे बघितलं. मी सहा जण ठरवले. पुढे दादा आणि मी. मधे मैथिली आणि न्यू जर्सीहून आलेला तुझा भाऊ. मागे दादाचे दोन जुने मित्र, पाटकर आणि कुलकर्णी. मैथिलीचं नाव घेतल्यावर एक काकू पुटपुटल्या, “मुलीने खांदा द्यायचा?” मैथिलीने त्यांच्याकडे वळून शांतपणे सांगितलं, “काकू, इट्स माय आई.” विषय संपला.

पुढची उजवी बाजू माझी होती. दिराचा तो हक्कच. या घरात तुझ्याशी सगळ्यात जास्त भांडलेला माणूस मी, मग तुला न्यायला पुढे दुसरं कोण असणार? ती जागा मी कुणालाही देणार नव्हतो, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मी कोटाची बटणं लावली आणि पुढे निघालो.

मधल्या वाटेने जाताना डावीकडच्या रांगेत ते बसलेले दिसले. अर्णव, सई, नील. सईचा चष्मा आता दोरीने बांधलेला नाही, ती शाळेत शिकवते. नील सिअ‍ॅटलहून विमानाने आला होता. तिघंही खुर्चीच्या कडेवर बसली होती. पाठ सरळ. आणि टाचा वर. त्यांना ते ठाऊकही नसावं. कुणी मागायला आलं नाही. जन्मभर जी पोरं कुणी बोलवेल म्हणून थांबली, ती तशीच थांबली होती. अर्णवने माझ्याकडे बघितलं. वहिनी, सुमन तुझ्याकडे कशी बघत होती ते मला त्या क्षणी कळलं.

मी थांबलो. अर्णवच्या पाठीवर हात मारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “खो.”

तो उठला. तू शिकवलं होतंस तसा, एका झटक्यात, मागे न बघता. भरलेल्या त्या हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. पाटकरांना मात्र कळलं. दर पिकनिकला शिट्टी तेच वाजवायचे. ते आपली जागा सोडून मागे आले, सईच्या पाठीला हात लावला. मग कुलकर्णींनी नीलच्या. तुला मी निवडलेल्या सहा जणांनी नेलं नाही, वहिनी. पुढे दादा आणि अर्णव, मधे तुझी लेक आणि तुझा भाऊ, मागे सई आणि नील. त्या पोरांनी तुला इतकं सांभाळून नेलं की दारातल्या पायरीवरसुद्धा एक फूल खाली पडलं नाही. मी ते बघितलं. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वाटलेला नाही, आणि हे तुझ्यासमोर कधी बोललो नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

मी अर्णवच्या रिकाम्या खुर्चीवर बसलो. पाठ सरळ, टाचा वर.

फार खूश होऊ नकोस. तो रिसीव्हर चांगलाच आहे.